गुरुवारची वाटणी

दुकानात ‘एकावर एक फुकट’ अशी पाटी लागली की माणसं खुलतात. निवृत्त वजनमापे निरीक्षकांचा चेहरा मात्र ती पाटी दिसली की उतरायचा.

फुकट मिळणाऱ्या वस्तूचं कुणाला दुःख होतं का, असं कुणीही म्हणेल. पण ज्याच्या घरात एकच ताट घेतलं जातं त्याला विचारावं. एका पावावर दुसरा पाव फुकट आणला की पहिला संपेपर्यंत दुसऱ्यावर बुरशी चढलेली असायची. दुधाचंही तेच. कपडे धुण्याच्या पावडरीचा दुसरा पुडा मोरीतल्या ओलीनं दगड होऊन बसायचा. फेकून देताना निरीक्षकांना फार अपराधी वाटे. आणि फुकटचं नको म्हणून एकच घ्यावं, तर पैसे दोन्हीचेच मोजावे लागत. म्हणजे एकटं राहिलं म्हणून दंड भरल्यासारखंच.

निरीक्षकांनी अख्खी नोकरी दुकानदारांचे तराजू तपासण्यात घालवली होती. पारड्याखाली चिकटवलेली चिंच, तळ ठोकून आत दाबलेलं माप, सगळं त्यांच्या नजरेत यायचं. पण घरचा बाजार कधी केला नव्हता. ते खातं बायकोचं. कुठली गोष्ट कुठे दोन पैशांनी स्वस्त आहे, चादर कधी घ्यायची आणि कुठल्या महिन्यात नुसती बघून यायची, हे तिला तोंडपाठ. ती गेली आणि म्हातारपणी पोहायला शिकावं तसे निरीक्षक बाजार करायला शिकले, नाकातोंडात पाणी जात जात.

एकदा धीर करून त्यांनी दुकानाच्या मॅनेजरला गाठलं. इतक्या हळू आवाजात बोलले की मॅनेजरला कान पुढे करावा लागला. म्हणणं एवढंच होतं की, एकट्या माणसाला दुसरी वस्तू फुकट देण्याऐवजी पहिलीच अर्ध्या किमतीत द्यावी, दुकानाचं नुकसान व्हायचं नाही. मॅनेजर भला माणूस. ‘वर कळवतो’ म्हणाला. वर कळवतो म्हणजे काय होतं हे सरकारी नोकरीत केस पांढरे झालेल्या निरीक्षकांना पक्कं ठाऊक होतं. ते घरी आले आणि विसरून गेले.

पुढे थोड्याच दिवसांत, एका गुरुवारी, बाई भेटल्या.

गुरुवारी सकाळी त्या दुकानात म्हाताऱ्या माणसांना थोडी सवलत असे, म्हणून निरीक्षक गुरुवारीच जात. पावडरीच्या फळीपुढे ते नेहमीसारखे घुटमळत उभे होते. शेजारी एक बाई, त्यांच्याहून थोड्या लहान, गळ्यात शिंप्याची टेप तशीच राहिलेली. त्यांनी दोन पुडे उचलून बघितले, खाली ठेवले, आणि ओळख ना पाळख, सरळ विचारलं, “तुम्हाला लागते का हो एवढी पावडर?”

निरीक्षक म्हणाले, नाही लागत.

“मलाही नाही. मग पैसे अर्धे अर्धे करू. एक पुडा तुमचा, एक माझा. काय?”

निरीक्षकांना आयुष्यात इतकी सोपी गोष्ट सुचली नव्हती. त्यांनी मान हलवली. गल्ल्यावर पैसे देताना त्यांचे कान लाल झाले होते, आणि घरी पोचेपर्यंत ते लालच होते.

बाईंनी जन्मभर शाळांचे गणवेश शिवले होते. आता डोळ्यांनी साथ सोडली म्हणून मोठं काम घेत नसत, पण चेन बदलणं, पडदे-अभ्रे असं सटरफटर चालू होतं. पाण्याच्या टाकीमागे कुठेतरी एका खोलीत राहत. नवऱ्याचा विषय निघाला तेव्हा म्हणाल्या, तो असता तरी मी एकटीच असते. निरीक्षकांनी पुढे विचारलं नाही. त्यांना विचारता येत नसे. त्यांची जुनी नोकरी कळल्यापासून बाई मात्र त्यांना साहेब म्हणू लागल्या, अर्ध्या आदरानं आणि अर्ध्या थट्टेनं.

तेव्हापासून गुरुवार ठरून गेला. दाराशेजारी पिशव्या भरायचं एक लांब टेबल होतं. त्याच्या कोपऱ्यात दोघांची वाटणी चाले. साबण, दिवे, टॉवेल हे सोपं, एक तुला एक मला. पण पुढे दुकानानं मोठे पुडे स्वस्त केले. चहा, साखर, डाळी. ते फोडून वाटायला हवेत. निरीक्षक घरून झाकणाचे डबे आणि खिशात मावणारा हातकाटा आणू लागले. बाईंचा नियम एकच: “तुम्ही वाटा, मी उचलते. आमच्या घरी भावंडांत असंच असायचं. वाटणाऱ्यानं उचलायचं नाही.”

निरीक्षक असे वाटत की उचलणाऱ्याला निवडायला काही उरूच नये. काटा डोळ्यांच्या रेषेत धरायचा, श्वास रोखायचा, चिमूटभर साखर इकडची तिकडे करायची. बाई हसायच्या. म्हणायच्या, साहेब, साखर आहे, सोनं नाही. गल्ल्यावरच्या मुलीनं त्यांचं नाव अर्धेकाका ठेवलं होतं. ते निरीक्षकांच्या कानावर आलं तेव्हा ते ओशाळले, पण वाईट काही वाटलं नाही. बायको गेल्यापासून त्यांना कुणी नवं नाव दिलं नव्हतं.

एकदा पडद्यांचा सेल लागला. फिकट हिरव्या कापडावर बारीक पांढरी पानं. पण जोडीच घ्यावी लागे, आणि दोघांच्याही घरी खिडकी एकेकच. बाईंनी कापड बोटांत चुरगळून पाहिलं, उजेडाला धरलं आणि जोडी घेतली. पडदे लांब होते. बाई म्हणाल्या, तुमच्या खिडकीचं माप सांगा, तुमचाही दुमडून आणते. निरीक्षक संकोचले. म्हणाले, सवडीनं करा, घाई नाही.

“असं शिलाईवालीला कधी सांगू नये, साहेब. घाई नाही म्हटलं की ते कापड गठ्ठ्याच्या तळाशी जातं. तिथून ते माणूस मेल्यावरच वर येतं.”

पुढच्याच गुरुवारी पडदा तयार होता. वर उरलेल्या पट्टीची एक थैली शिवलेली होती, हातकाटा ठेवायला, बरोब्बर त्या मापाची. निरीक्षकांनी ती उलटसुलट करून पाहिली. टाका इतका बारीक की दिसू नये. आभार कसे मानावेत ते त्यांना सुचेना. शेवटी म्हणाले, माप बरोबर आहे. बाई म्हणाल्या, हे प्रमाणपत्र भिंतीवर लावीन.

आता निरीक्षकांच्या हातून जे घडलं ते सांगायला हवं.

एक दिवस चहा वाटताना काट्याचा डबा अडकवायचा आकडा निसटला आणि एका डब्यात चहा अंमळ कमी पडला. ते सावरायच्या आत बाईंनी डबा उचलला. कमी असलेला. निरीक्षकांना वाटलं, लक्षात आलं नसेल. पुढच्या वेळी त्यांनी मुद्दाम उजवीकडे किंचित कमी ठेवलं. बाईंनी उजवीकडचा उचलला. त्याच्या पुढच्या वेळी डावीकडे कमी, बाईंनी डावीकडचा. जास्तीचा माल बसक्या डब्यात घातला म्हणजे दिसायला कमी दिसेल आणि बाई फसतील, अशीही युक्ती करून पाहिली. पण जिनं आयुष्यभर नुसत्या नजरेनं पोरांच्या छातीची मापं घेतली ती डब्याला कशाला फसते? तिनं बरोबर कमीचाच उचलला.

म्हणजे ही बाई दर वेळी जास्तीचं आपल्यासाठी मागे ठेवते. निरीक्षकांनी घरी जाऊन यावर पुष्कळ विचार केला. खरं तर दुसऱ्या दिवसापासून काटा सरळ धरायला हवा होता. तो त्यांनी धरला नाही. ज्या माणसानं नोकरीत तसूभर तूट खपवून घेतली नाही, आणि तपासणीला गेल्यावर दुकानातला पाण्याचा पेलाही घेतला नाही, तो माणूस दर गुरुवारी एक डबा जाणूनबुजून हलका भरू लागला. चमचाभर चहासाठी नव्हे. कुणीतरी चमचाभर आपल्याकडे सारतं, ते बघण्यासाठी. याला लबाडीच म्हणतात हे त्यांना कळत होतं. लाजही वाटे. गुरुवार आला की हात पुन्हा तेच करी.

बचतीच्या नावानं खर्चही वाढला. बाईंना एखादी वस्तू हवी असली की निरीक्षक म्हणत, मलाही हवीच आहे. मधे सुट्टीत लेक दोन दिवस राहून गेली. तिनं कपाट उघडलं तर आत सुयांची पाकिटं, केसांच्या तेलाच्या बाटल्या आणि रांगेनं कंगवे. निरीक्षकांच्या डोक्यावर केस म्हणाल तर कानांमागे दोन झुबके. लेकीनं एक कंगवा हातात घेऊन वडिलांकडे पाहिलं.

“बाबा, हे कुणासाठी?”

“स्वस्त होते,” निरीक्षक म्हणाले.

लेक हसली, आणि मग तिचं हसू मावळलं. आई गेल्यावर तिचं कपाट लेकीनंच आवरलं होतं. आमच्या शहरात या म्हणाली, दर खेपेसारखं. निरीक्षकांनी दर खेपेसारखंच बघू म्हटलं. बाईंविषयी सांगावं असं त्यांच्या तोंडावर आलं होतं. पण सांगायचं तरी काय? की एक बाई आहे आणि आम्ही साखर वाटतो?

पुढच्या गुरुवारी निरीक्षक दुकानात पाऊल टाकतात तोच मॅनेजर लगबगीनं पुढे आला. त्यानं निरीक्षकांचा हात हातात घेतला आणि त्यांना जवळजवळ ओढतच आत नेलं. भिंतीलगत एक नवी फळी उभी होती. वर रंगीत पाटी: ‘एकट्यांसाठी’. खाली सगळं लहान लहान. चहाची चिमुकली पाकिटं, एकेक साबण, एकेक उशी, एकच टॉवेल, अर्धा पाव, आणि एका खिडकीचा एक पडदा. सगळं अर्ध्या किमतीत.

“तुमची कल्पना, साहेब,” मॅनेजर म्हणाला. “मी म्हटलं होतं ना, वर कळवतो.”

निरीक्षक पाटीकडे पाहत राहिले. आपण असं काही बोललो होतो हे त्यांना आठवायलाही वेळ लागला. मागून बाईंचा आवाज आला. त्या केव्हा येऊन उभ्या राहिल्या होत्या कोण जाणे.

“तुम्ही सांगितलं होतंत? बोलला नाहीत कधी.” आणि त्या मनापासून आनंदल्या. एक साबण उचलून त्यांनी वास घेतला. “बरं झालं बाई. आता कुणी कुणासाठी खोळंबायला नको. माझा गुडघा हल्ली सकाळी उठूच देत नाही. निवांत दुपारी येत जाईन.”

निरीक्षकांना म्हणायचं होतं की मी खोळंबत नव्हतो. म्हणायचं होतं की दुपारी मीही येईन. तोंडातून निघालं ते एवढंच, “हो ना. सोय झाली.”

त्या दिवशी डबे रिकामेच घरी आले.

पुढचे गुरुवार कसे गेले ते सांगण्यासारखं नाही. ते सकाळी जात आणि टेबलाशी रेंगाळत. मग दुपारीही जाऊन पाहिलं. बाई दिसल्या नाहीत. गल्ल्यावरच्या मुलीला विचारावं असं मनात येई, पण ती ज्या डोळ्यांनी बघायची त्यानं ते नुसते पैसे देऊन निघत. घरी लहान पाकिटातला चहा ते लहान भांड्यात करत. काही फेकावं लागत नव्हतं. कशालाही बुरशी येत नव्हती. हिशेबानं पाहिलं तर निरीक्षकांचा संसार इतका काटकसरीनं कधीच चालला नव्हता.

पत्ता त्यांनी कधी विचारला नव्हता. वाटणीत पत्त्याचं काम पडत नाही. ठाऊक एवढंच की पाण्याच्या टाकीमागे एक खोली, आणि त्या खोलीच्या खिडकीला आपल्यासारखाच पडदा. एका संध्याकाळी निरीक्षक काठी घेऊन निघाले. फिरायला चाललो आहे असं त्यांनी स्वतःलाही सांगितलं. टाकी मागे टाकून ते गल्लीत शिरले. दोन्ही बाजूंनी तीन-तीन मजल्यांच्या जुन्या इमारती, खाली सायकली, दोरीवर कपडे. निरीक्षकांनी मान वर केली आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. दुसऱ्या मजल्यावर फिकट हिरवा पडदा, बारीक पांढरी पानं.

मग त्याच्या शेजारच्या खिडकीत तोच पडदा दिसला.

मग खालच्या मजल्यावर दोन. समोरच्या इमारतीत एक, दोन, आणि जिन्याच्या खिडकीलाही एक. सेल होता. स्वस्त होता. अख्ख्या वस्तीनं घेतला होता. निरीक्षक गल्लीच्या मधोमध उभे राहून वर बघत होते, आणि प्रत्येक खिडकीत त्यांच्याच घरचा पडदा वाऱ्यानं हलत होता. एका खिडकीतून कुणीतरी हटकलं, कोण पाहिजे आजोबा? निरीक्षक म्हणाले, कुणी नाही, चुकलो. आणि लगेच परत फिरले. बाईंचा टाका पाहिला असता तर ओळखला असता, पण टाका खालून दिसतो थोडाच.

घरी आल्यावर त्यांनी दिवा लावला आणि आपला पडदा ओढून घेतला. त्याच्या कडेवरून बराच वेळ बोट फिरवत राहिले.

आणि मग एका गुरुवारी, ध्यानीमनी नसताना, बाई दुकानात होत्या. सकाळीच. त्या एकट्यांच्या फळीशी वाकून काही तरी शोधत होत्या. गुडघ्याला पट्टा होता. निरीक्षकांनी इतक्या दिवसांत मनाशी जुळवलेली सगळी वाक्यं त्या क्षणी उडून गेली. ते जवळ गेले आणि विचारलं, “पडदा आटला का हो तुमचा?”

बाईंनी वळून पाहिलं. “नाही. तुमचा?”

“नाही.”

“मग बरं.”

झालं. बोलणं संपलं. बाईंनी साबण टोपलीत टाकला. आता त्या गल्ल्याकडे जाणार, मग दाराबाहेर, मग त्या गल्लीत जिथल्या सगळ्या खिडक्या सारख्या. निरीक्षकांनी फळीवरून चहाचं एक चिमुकलं पाकीट उचललं. बाईंच्या आधी जाऊन पैसे दिले. टेबलाशी बसले. पिशवीत डबे होतेच, ते अजून आणत असत. कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं कशासाठी. त्यांनी पाकीट फोडलं, थैलीतून काटा काढला आणि वाटायला लागले. मूठभर चहा तो. त्याचे दोन भाग म्हणजे पाखराला घालावं तेवढे. एक भाग त्यांनी ठरवून हलका ठेवला. मग दोन्ही डबे पुढे सारले.

बाई पिशवी घेऊन टेबलापाशी थांबल्या होत्या.

“उचला,” निरीक्षक म्हणाले.

“आता कशाला, साहेब? हे एकट्याचंच पाकीट आहे.”

“मला जास्त होतं.”

एवढं बोलून ते डब्यांकडे बघत राहिले. वर बघायचा धीर नव्हता. गल्ल्यावरची मुलगी गिऱ्हाइकाला सुटे पैसे द्यायचं विसरून इकडे बघत होती. बाई टेबलाजवळच्या खुर्चीत सावकाश टेकल्या, गुडघा सरळ केला आणि दोन्ही डब्यांत डोकावल्या.

“तुमचा काटा बिघडलाय,” त्या म्हणाल्या.

निरीक्षकांचे कान तापले. “हो.”

“फार दिवसांपासून बिघडलाय. मी वाट बघत होते, दुरुस्त कधी करताय.”

“केला नाही,” निरीक्षक म्हणाले. “करायचा नव्हता.”

बाईंनी हात पुढे केला आणि डबा उचलला. या वेळी जास्तीचा.

“आज मी मोठा घेणार. इतके दिवस तुम्ही खाल्लात.”

निरीक्षकांनी पटकन मान हलवली, पुन्हा हलवली. मन भरून आलं की त्यांना तेवढंच जमे. बाईंनी झाकण लावलं. त्यांच्याजवळ आपला डबा नव्हता. त्या अशा वाटणीच्या हिशेबानं आल्याच नव्हत्या.

“डबा तुमचा आहे. परत कसा करू?”

हीच ती वेळ होती. पत्ता सांगायचा, विचारायचा, गुरुवारी याल का म्हणायचं, काहीही. निरीक्षकांनी तोंड उघडलं आणि जन्मभराच्या सवयीनं त्यातून बाहेर पडलं, “राहू द्या. घाई नाही.”

बोलल्याबरोबर त्यांना जीभ चावावीशी वाटली. बाई तोवर उठल्या होत्या. दारापर्यंत गेल्या, गुडघा धरून थांबल्या, आणि मागे वळून म्हणाल्या, “शिलाईवालीला असं सांगू नये, हे तुम्हाला किती वेळा सांगायचं, साहेब?”

आणि त्या पाण्याच्या टाकीच्या दिशेनं निघून गेल्या.

निरीक्षक टेबलाशी बसून राहिले. त्या वाक्याचा अर्थ त्यांनी एकदा असा लावला, एकदा तसा. मग त्यांनी काटा थैलीत ठेवला, उरलेला हलका डबा पिशवीत घातला आणि घरचा रस्ता धरला. वाटेत ते एकदोनदा थांबले, मागे पाहिलं, आणि पुढे चालू लागले.